सलग नऊ गुरुवार: मुलांना खेळ शिकवणाऱ्यांना आणि खेळाच्या संस्था चालवणाऱ्यांना खुले पत्र

मुलांचे सर्व प्रशिक्षक, तसेच क्लब, अकादमी, शाळा आणि क्रीडा संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जलतरण प्रशिक्षक आहे. 22 वर्षं पाण्याच्या कडेला शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभी आहे. तुमच्यातलीच एक म्हणून हे लिहिते आहे, आणि सुरुवात एका हजेरीपटापासून करते.

खूप वर्षांपूर्वी माझ्या तुकडीत 12 वर्षांची एक मुलगी होती. एकदा पाण्यात शिरली की बाहेर यायला तयार नसायची. बटरफ्लाय करायला लागली की शेजारच्या लेनमधली मुलं थांबून बघत राहायची. एका हंगामाच्या मध्यावर ती गुरुवारी येईनाशी झाली. निरोप दर वेळी तोच: पोट दुखतंय. मी हजेरीपटात गैरहजेरीची खूण करत गेले. सलग नऊ गुरुवार. सोमवारी, मंगळवारी, शनिवारी ती यायची आणि मन लावून पोहायची. गुरुवारी पाण्यात उतरण्याआधी जमिनीवरचा व्यायाम असे. तो घ्यायला दुसरे एक सर येत, आणि संस्थेत त्यांना मोठा मान होता. हंगाम संपल्यावर तिने पोहणं सोडलं. मी तिच्या आईला फोन करून म्हटलं, "इतकी गुणी मुलगी, पण आळशी होत चाललीय हो."

अनेक वर्षांनी ती मला भेटायला आली. त्या तासांत काय होत होतं ते तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे, आणि त्याची रीतसर तक्रार आता झाली आहे. ऐकून माझे हातपाय गळाले. मी म्हटलं, "मला तेव्हाच सांगायचंस ना गं." ती म्हणाली, "मॅडम, सांगितलं होतं. नऊ वेळा."

त्या दिवसापासून मुलांच्या खेळाकडे बघण्याची माझी नजर बदलली. आधीच बदलायला हवी होती. तुमची बदलण्यासाठी तुमच्या तुकडीतल्या एखाद्या मुलीला नऊ गुरुवार मोजावे लागू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय काढला की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "आमचे सर तसे नाहीत." मीही हेच म्हणत असे. पण जिथे जिथे असे प्रकार उघड झाले, तिथे तिथे आधी वर्षानुवर्षं हेच वाक्य म्हटलं गेलं होतं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर मुलींचा लाडका होता. कठोर प्रशिक्षकांच्या वातावरणात गोड बोलणारा तोच एक. उपचाराच्या नावाखाली त्याने अत्याचार केले तेव्हा काही वेळा मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असायची. तो अशा कोनात उभा राहायचा की तिला काही दिसू नये. जानेवारी 2018 मध्ये न्यायालयात सात दिवस एकामागून एक दीडशेहून अधिक जणी बोलल्या, तेव्हा कुठे त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यातल्या एकीने सांगितलं की तिने 1997 मध्येच, 16 वर्षांची असताना, आपल्या प्रशिक्षिकेच्या कानावर हे घातलं होतं. म्हणजे मधली 20 वर्षं गेली.

इंग्लंडमधल्या फुटबॉलचंही तेच. बॅरी बेनेल हा गुणी मुलं हेरणारा म्हणून नावाजलेला. मोठ्या क्लबची दारं त्याच्या शब्दावर उघडतात, असा पालकांचा समज. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला जायची. तिथे व्हिडिओ गेम होते, आगळेवेगळे पाळीव प्राणी होते, मुलांना हवंहवंसं सगळं होतं. नोव्हेंबर 2016 मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने स्वतःचं नाव देऊन तोंड उघडलं आणि मग इतरांना बोलायचं बळ आलं. 2018 मध्ये बेनेल 50 गुन्ह्यांत दोषी ठरला. कॅनडातला ज्युनिअर हॉकी प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याला 1989 मध्ये एका क्रीडा साप्ताहिकाने वर्षातला सर्वोत्तम माणूस म्हणून गौरवलं होतं. आपल्याच खेळाडूंवर केलेल्या अत्याचारांची कबुली त्याने 1997 मध्ये दिली.

ही नावं मी सनसनाटीसाठी काढलेली नाहीत. तिन्ही ठिकाणी तो माणूस अनोळखी नव्हता, अंधारात दबा धरून बसलेला नव्हता. तो सगळ्यांच्या मर्जीतला होता, आणि ती मर्जी त्याने मेहनतीने मिळवलेली होती. मुलाला जाळ्यात ओढणारा माणूस आधी मोठ्यांना जिंकतो. पालकांना गाडीतून सोडायची सोय करून देतो, समितीची अडलेली कामं करतो, शिबिराला कोणी तयार नसेल तेव्हा पुढे होतो. मग एका मुलाला "तू वेगळा आहेस" असं पटवतो. त्याला जादा सराव देतो, छोटी भेट देतो, रात्री एखादा संदेश पाठवतो. हळूहळू एखादा नियम फक्त त्या दोघांपुरता मोडला जातो आणि "हे आपल्या दोघांतच राहू दे" हे वाक्य येतं. पहिला चुकीचा स्पर्श होतो तोवर मुलाला वाटू लागलेलं असतं की यात आपणही सामील आहोत. म्हणून ते बोलत नाही. आणि बोललंच तर ज्यांच्याशी बोलायचं ते आम्ही मोठे आधीच जिंकले गेलेलो असतो.

त्यामुळे कोण चांगला आणि कोण वाईट हे ओळखण्यावर आपल्या संस्थेची सुरक्षितता उभी करता येत नाही. आपल्याला ते ओळखता येत नाही. मला नऊ आठवड्यांत आलं नाही, आणि मी दर आठवड्याला त्या सरांबरोबर बसून पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक आखत होते.

मग करायचं काय? नियम सगळ्यांना सारखे लावायचे, आणि सर्वांत आधी ज्यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे त्यांना. मी स्वतःपासून सुरुवात केली. माझ्या तुकडीतल्या कोणत्याही मुलाबरोबर मी आता बंद दाराआड एकटी नसते. काही खासगी बोलायचं असेल तर पाण्याच्या कडेलाच, इतरांना दिसू अशा जागी बसून बोलते. बोलणं ऐकू जायची गरज नसते, दिसलं म्हणजे पुरे. मुलांना थेट संदेश पाठवत नाही. जे सांगायचं ते ग्रुपवर, आणि त्या ग्रुपमध्ये पालक असतात. एकट्या मुलाला गाडीतून सोडत नाही. कोणाचे पालक यायला उशीर झाला तर ते येईपर्यंत माझ्याबरोबर दुसरी एक व्यक्ती थांबते. परगावच्या स्पर्धेला मोठ्यांच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या, आणि रात्री मुलांच्या खोलीत जायचंच झालं तर दोघांनी मिळून.

स्पर्शाबद्दल मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात, म्हणून इथे थोडं थांबते. जिम्नॅस्टिक्सचे माझे एक सहकारी चिडून म्हणाले होते, "उलटी उडी शिकवताना आधार दिला नाही तर पोरगी मानेवर पडेल. हात लावू नको म्हणता, मग शिकवू कसं?" त्यांचा मुद्दा खरा आहे. आधार न देणं हाही निष्काळजीपणाच. नियम हात लावू नका असा नाहीच. हात कुठे लावणार आणि कशासाठी, ते आधी सांगा. चालेल ना, विचारा. सगळ्यांसमोर करा, काम झालं की हात काढा. ज्याला नको असेल त्याला दुसऱ्या रीतीने शिकवा. मी हाताची चाल शिकवताना आता आधी स्वतःच्या हातावर दाखवते, मग मुलाला त्याच्या दुसऱ्या हाताने आपलाच कोपर धरायला लावते. निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्यावर भागतं. शिवाय मुलाला एक गोष्ट आपोआप कळते, की आपल्या अंगाला हात लावण्याआधी मोठ्या माणसाने विचारायचं असतं. पुढे कोणी न विचारता हात लावला तर ते त्याला खटकेल.

पुरुष प्रशिक्षकांची तक्रार असते की यामुळे सगळ्यांकडे संशयाने पाहिलं जातं. मला त्यांचं दुखणं समजतं, पण त्यांच्याशी सहमत होता येत नाही. एक तर अत्याचार करणारी व्यक्ती पुरुषच असते असं नाही आणि सोसणारी मुलगीच असते असंही नाही. बेनेल आणि जेम्स, दोघांच्या तावडीत सापडलेले मुलगे होते. दुसरं असं की, नियम फक्त काही जणांना लागला तर तो संशय ठरतो. सगळ्यांना लागला की पोहण्याआधी शॉवर घेण्यासारखा होऊन जातो.

कपडे बदलायच्या खोलीचं काय? तिथे मोठ्यांनी आत असू नये हे बरोबर, पण म्हणून ती खोली वाऱ्यावर सोडायची नाही. थोराड मुलं लहानांना छळतात ते तिथेच. नव्या मुलाची "परीक्षा" तिथेच घेतली जाते, आणि आता तर कोणाच्याही हातात फोन असतो. दोन मोठी माणसं दाराबाहेर, आतला आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर हवीत. फोन आत न्यायचा नाही. हे मोठ्यांनाही लागू.

लैंगिक अत्याचाराबद्दल इतकं लिहिलं, कारण तिथलं मौन सर्वांत गडद आहे. पण खेळात मुलांना होणारी सर्वाधिक इजा त्याने होत नाही. ती आपल्या तोंडाने होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या 6 देशांतल्या 18 ते 30 वयाच्या 10,302 जणांना लहानपणीच्या खेळातल्या अनुभवांबद्दल विचारलं होतं. 65 टक्के जणांनी मानसिक छळ सोसल्याचं सांगितलं, 44 टक्के जणांनी शारीरिक हिंसा. प्रत्यक्ष स्पर्शाचा लैंगिक अत्याचार 20 टक्के जणांनी सांगितला. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या 65 मध्ये माझाच आवाज ऐकू आला.

मी ओरडायचे. दमलेल्या मुलाला सगळ्यांसमोर "तुझ्याच्याने होणार नाही, घरी जा" म्हणायचे. मुलींचं वजन करून ते फळ्यावर लिहायचे, कारण माझ्या प्रशिक्षकांनी माझं लिहिलं होतं. त्यातून मी घडले असं मला वाटायचं. माझ्याबरोबरच्या ज्या मुली त्यामुळे खेळ सोडून गेल्या, त्यांचा हिशोब मी कधी केलाच नव्हता.

ब्रिटनच्या जिम्नॅस्टिक्सबद्दलचा अ‍ॅन व्हाइट यांचा अहवाल 2022 मध्ये आला. चारशेहून अधिक जणांनी त्यासाठी आपले अनुभव कळवले होते. वारंवार वजन करणं, खाण्यावर पाळत ठेवणं, पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जायला न सोडणं, दुखापत असताना सराव करायला लावणं, हे सगळं त्यात आहे. वाचताना प्रशिक्षक म्हणून माझ्या लक्षात आलं की यातलं बरंचसं आपल्यात शिस्त म्हणून चालतं. वाढत्या वयात शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, वाढ खुंटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला 2014 मध्ये वेगळं नाव दिलं आणि ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते असं नोंदवलं. हाडांची आयुष्यभराची पुंजी मुख्यतः किशोरवयातच जमते. फळ्यावर वजन लिहिताना आपण त्या पुंजीला हात घालत असतो.

जलतरणातली एक शिक्षा मला इथे मुद्दाम सांगायची आहे, कारण ती अजूनही दिली जाते. उशीर झाला, बोललास, म्हणून पाण्याखालून श्वास रोखून फेऱ्या मार. मुलं त्याआधी जोरजोरात श्वास घेऊन "तयारी" करतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना त्याच्यावर अवलंबून असते, त्यामुळे ती सूचनाच उशिरा येते. तोवर प्राणवायू संपत आलेला असतो आणि मूल कोणतीही धडपड न करता पाण्याखाली बेशुद्ध होतं. वरून बघणाऱ्याला ते शांतपणे पोहतंय असंच वाटतं. ही शिक्षा आजच बंद करा. या पत्रातलं बाकी काही पटलं नाही तरी हे करा.

डोक्याला मार लागण्याचंही असंच. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये 14 वर्षांच्या एका शाळकरी रग्बीपटूला एकाच सामन्यात डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. तो खेळत राहिला आणि त्यातच गेला. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरलेला नसताना दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये कायदाच केला: डोक्याला मार लागल्याचा संशय जरी आला तरी मुलाला मैदानाबाहेर काढायचं आणि डॉक्टर किंवा तशा प्रशिक्षित आरोग्य व्यावसायिकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. काही वर्षांत त्या देशातल्या सर्व राज्यांनी असे कायदे केले. "बरं वाटतंय का?" असं मुलाला विचारून निर्णय घेऊ नका. ते हो म्हणणारच, त्याला खेळायचं असतं.

सरावाच्या तासांबद्दल थोडक्यात. बालरोगतज्ज्ञांचा साधा सल्ला असा आहे की आठवड्यात मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त तास सराव नको आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. वाढत्या हाडांच्या टोकांशी अजून मऊ कूर्चा असते. तीच ती हालचाल हजारदा केली की तिथेच आधी दुखू लागतं. दुखतंय म्हणणारं मूल नाटक करतंय असं समजण्याआधी एवढं आठवावं.

फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 15 वर्षांची फिगर स्केटर कामिला वालियेवा पुन्हा पुन्हा पडली आणि रडत बर्फाबाहेर आली. तेव्हा जवळ घेण्याआधी तिच्या प्रशिक्षिकेने तिला विचारलं की तू लढणं का सोडलंस. जगभरच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने ज्येष्ठ गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेण्याचा निर्णय घेतला. ते दृश्य पाहून मी माझ्या तुकडीला एक वचन दिलं, की शर्यत संपल्यावर पहिलं वाक्य वेळेबद्दल नसेल. पाळणं अवघड जातं. स्टॉपवॉच हातातच असतं.

आता तो क्षण, ज्याची आपण सर्वांत कमी तयारी केलेली असते. मूल सांगतं तो क्षण.

मूल क्वचितच सरळ सांगतं. कधी पोट दुखतं. कधी किट हरवतं, तेही दर वेळी एकाच दिवशी. कधी एखाद्याच्या गटात जायला नको म्हणतं, कधी अकारण चिडतं. सरळ सांगितलंच तर ते अर्धवट असतं, आणि बहुतेकदा आपण आवराआवर करत असताना सांगितलेलं असतं. हातातलं काम ठेवा. बसा. "खरंच?" म्हणू नका. खोदून प्रश्न विचारू नका, उत्तर सुचवणारा प्रश्न तर मुळीच नको, कारण पुढे तपास करणाऱ्यांसाठी मुलाचे स्वतःचे शब्द मोलाचे असतात. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. त्याऐवजी सांगा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. मदत करू शकतील अशा माणसांना मला हे सांगावं लागेल." मग मूल गेल्यावर लगेच लिहून काढा: त्याचेच शब्द, तारीख, वेळ, तुमची सही. आणि त्याच दिवशी ज्याला कळवायचं त्याला कळवा. अमेरिकेत 2018 पासून राष्ट्रीय क्रीडा संघटनांत मुलांशी संबंध येणाऱ्या प्रौढांवर 24 तासांच्या आत कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. तुमच्या देशाचा कायदा काय सांगतो ते आजच वाचून ठेवा. त्या क्षणी शोधत बसायला वेळ नसतो.

एक गोष्ट अजिबात करू नका: ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला बोलावून "हे काय आहे बाबा?" असं विचारू नका. आपल्याला तो न्याय वाटतो. प्रत्यक्षात त्याला सावध होण्याची, संदेश पुसण्याची, मुलावर दबाव आणण्याची सवड मिळते. चौकशी करणं आपलं काम नाही. पोहोचवणं आपलं आहे.

इथे मी पदाधिकाऱ्यांशी बोलते आहे. तुमच्या संस्थेत मुलाने कोणाकडे जायचं? त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर फलकावर आहे का? ते मुलांच्या उंचीवर लावलेलं आहे का? ती व्यक्ती मुख्य प्रशिक्षकाची नातेवाईक किंवा त्याच्या हाताखालची आहे का? असेल तर त्या नावाचा काही उपयोग नाही. संघ निवडणाऱ्याच्याच हातात तक्रार द्यायची असेल तर कोणतं मूल देईल? आणि संस्थेबाहेरचा एक मार्गही त्याच फलकावर हवा: पोलीस, बालसहायता सेवा, जे तुमच्याकडे असेल ते.

दक्षिण कोरियाची ट्रायथलॉनपटू चोई सुक-ह्योन 22 वर्षांची होती. संघातल्या मारहाणीबद्दल तिने 2020 मध्ये एकामागून एक यंत्रणांकडे दाद मागितली, ध्वनिमुद्रणंही दिली. प्रत्येक ठिकाणी कागद पुढे सरकत राहिला. जून 2020 मध्ये तिने जीव दिला. त्यानंतर देशाने कायदा बदलला. ती सज्ञान होती, शिकलेली होती, पुरावे तिच्या हातात होते. तिचीच ही गत झाली तर 10 वर्षांच्या मुलाने कुणाचं दार वाजवावं?

आणखी एक जुनी खोड आहे, जी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. कुजबुज वाढली की संस्था त्या माणसाला शांतपणे राजीनामा द्यायला सांगते. कारण वैयक्तिक, निरोपाला हारतुरे, वर शिफारसपत्रही. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या मुलांसमोर उभा असतो. संस्थेचं नाव वाचलं असं समितीला वाटतं. नेमणुकीआधी पोलिसांकडून पडताळणी जरूर करा, पण ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदला गेला नाही तो त्या चाळणीतून सहज निसटतो. आधीच्या दोन संस्थांना फोन करून थेट विचारा, "याला पुन्हा मुलांबरोबर काम द्याल का?" उत्तराआधी माणूस थांबला तर ते थांबणंही ऐका. क्लाइव्ह शेल्डन यांचा इंग्लिश फुटबॉलबद्दलचा अहवाल 2021 मध्ये आला. ऑक्टोबर 1995 ते मे 2000 या काळात, धोका ठाऊक झाल्यावरही, फुटबॉल संघटनेने मुलांच्या सुरक्षेसाठी पुरेसं केलं नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. संघटनेतली माणसं काही राक्षस नव्हती. ती कामात होती.

छोट्या संस्थांची अडचण मला ठाऊक आहे. एकच प्रशिक्षक, एकच हॉल, पैसे नाहीत, दुसरं माणूस आणायचं कुठून? दोन तुकड्यांची वेळ एकत्र करा. पालकांची पाळी लावा, प्रत्येकाने महिन्यातून एक तास बसायचं. दाराला काच बसवा, नाही तर दार उघडं ठेवा. यातलं काहीच जमत नसेल तर तो तास रद्द करा. आम्ही सुरुवातीला दोन तास रद्द केले होते. कोणाचीही प्रगती अडली नाही.

अपंग मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना धोका जास्त असतो आणि आपलं लक्ष कमी. ज्याला कपडे बदलायला मदत लागते, ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याच्यासाठी कोण, काय, कशी मदत करणार हे त्याच्याशी आणि पालकांशी बसून आधीच लिहून ठरवा. त्याला "नको" म्हणण्याची त्याची स्वतःची खूण असू द्या, आणि ती खूण सगळ्या प्रशिक्षकांना माहीत असू द्या.

पालकांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एकच विनंती. सराव बघायला मनाई करणाऱ्या संस्थेत मूल घालू नका. आणि घरी जाताना गाडीत पहिला प्रश्न "किती मिनिटांत?" असा नसू द्या.

पुढच्या हंगामाची नावनोंदणी सुरू होण्याआधी तुमच्या समितीच्या बैठकीत हे पत्र वाचलं जावं अशी माझी मागणी आहे. त्या बैठकीत एका व्यक्तीचं नाव ठरावं, फलक लागावा, आणि ठरलेले नियम पालकांना आणि मुलांना, मुलांच्या भाषेत, पहिल्याच दिवशी सांगितले जावेत. कोणाला मदत हवी असेल तर मी येऊन बसायला तयार आहे.

मी माझ्या हजेरीपटात एक रकाना वाढवला आहे. गैरहजेरीपुढे कारण, आणि त्यापुढे "विचारलं का". दर महिन्याच्या शेवटी मी आणि एक सहकारी तो पट वारांनुसार लावून वाचतो. गेल्या महिन्यात एक 9 वर्षांची मुलगी तीन शनिवार आली नव्हती. पोट दुखतंय, असा निरोप होता. मी तिच्याजवळ पायऱ्यांवर बसले, पाय पाण्यात सोडले, आणि विचारलं की शनिवारी काय असतं गं. बराच वेळ ती पाय हलवत राहिली. मग म्हणाली, शनिवारी उताणं पोहायचं असतं आणि तिच्या नाकात पाणी जातं. नाकाने हळूच हवा कशी सोडायची ते मी तिला दाखवलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. पुढच्या शनिवारी ती आली.

आपली,
एक जलतरण प्रशिक्षक